माजघरातली ट्यूब सारखी फडफडते. जुन्या पट्टीतच एलईडी नळी बसवू की सगळंच बदलू?

उदगीरची सून

मंडळी, जाणकारांचा सल्ला पाहिजे. उदगीरच्या जुन्या भागात आमचं माळवदाचं घर आहे. माजघराला सागाच्या तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढरी माती. मधल्या तुळईला चार फुटी ट्यूब आहे, सासऱ्यांनी लावलेली. वायरिंगही त्याच वेळचं, लाकडी पट्टीवर क्लिपा मारून बोर्डापर्यंत आणलेलं.

ही ट्यूब दिवाळीपासून त्रास द्यायलीय. संध्याकाळी बटण दाबलं की दोन्ही टोकं लालसर होतात आणि मधे काळोखच. मग बराच वेळ फडफडते आणि कधीतरी पेटते. स्टार्टर बदलला, तेवढ्यापुरता फरक पडला. मग नवीन ट्यूबच आणली, तर तिचीही टोकं लगेच काळी पडायला लागली. ट्यूबच्या पट्टीचा मधला भाग हात ठेववत नाही इतका तापतो, रात्री सगळं शांत झालं की गुणगुण ऐकू येते, आणि अलीकडं डांबराचा वास येतो.

त्याच ट्यूबखाली सासूबाई डाळ-तांदूळ निवडत बसतात. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मुलगा दहावीला, त्याचा अभ्यासही तिथंच. त्यामुळं हे काम आता पुढं ढकलायचं नाही.

दुकानदार म्हणतात, एलईडीची नळी घ्या, ह्याच पट्टीत बसते, चोकला हातसुद्धा लावायचं काम नाही. शेजारचे काका म्हणतात, पूर्ण एलईडी बॅटन घ्या, म्हणजे पट्टी आणि दिवा एकत्रच. दीर पुण्याहून आले होते, त्यांचं म्हणणं खाली पीओपीचं छत करून गोल पॅनल बसवावेत, घर उठून दिसेल. तिघांची तीन मतं. माळवदाच्या घरात यातलं काय टिकेल? किती वॅटचा घ्यावा?

आणखी एक विचारायचं होतं. मागं ट्यूब बदलताना बटण बंद होतं, तरी ह्यांना झटका बसला. स्टुलावरून पडता पडता वाचले. ट्यूबमध्ये करंट साठून राहतो का?

परभणीचा वायरमन

ताई, तुमच्या सगळ्या लिहिण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी विचारली. तिथूनच सुरू करतो. मी परवानाधारक वायरमन आहे, जुन्या वाड्यांची कामं बरीच केलीत.

ट्यूबमध्ये करंट साठून राहत नाही. बटण बंद असताना झटका बसला, म्हणजे फेज (करंट घेऊन येणारी तार) ट्यूबच्या पट्टीपर्यंत पोचलेला होता. बहुतेक तुमचं बटण न्यूट्रलवर आहे. असं बटण बंद केलं की परतीची वाट तुटते म्हणून दिवा विझतो, पण फेज वर तसाच उभा असतो. माणसानं होल्डरला हात लावला की त्याच्या अंगातून जमिनीकडं वाट मिळते. दिवा विझला म्हणजे लाईन मेली असं समजून किती जण स्टुलावर चढतात, आणि स्टुलावरून पडून हात-पाय मोडतात ते वेगळंच. कुठला एलईडी घ्यायचा हे नंतर ठरवू. आधी हे नीट झालं पाहिजे.

घरच्या घरी एवढं बघा. प्लगच्या सॉकेटासमोर उभं राहा. वरचं मोठं छिद्र आर्थिंगचं. त्याच्या खाली उजव्या हाताला फेज पाहिजे, डाव्या हाताला न्यूट्रल. सॉकेटचं बटण चालू ठेवून टेस्टर आधी उजवीकडं, मग डावीकडं लावा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. टेस्टर डावीकडं पेटला तर ते सॉकेट तरी उलटं जोडलंय, नाहीतर अख्ख्या घराचा फेज-न्यूट्रल उलटा झालाय. म्हणून वेगवेगळ्या खोल्यांतली सॉकेटं बघा आणि इथं कळवा. बोर्ड उघडू नका, पट्टीला हात लावू नका.

आता ट्यूबचं. टोकं लाल आणि मधे काळोख, असं स्टार्टरची पत्ती चिकटली की होतं. पत्ती उघडत नाही, टोकांच्या तारा नुसत्या तापत राहतात आणि ट्यूब पेटवायला चोकनं जो धक्का द्यायचा असतो तो बसत नाही. पण तुम्ही स्टार्टर बदललाय. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर तेही एक कारण असू शकतं. मात्र नव्या ट्यूबची टोकं लवकर काळी पडणं, पट्टी तापणं, गुणगुण आणि डांबराचा वास हे सगळं एकत्र आलं की चोकच गेलेला असतो. जुन्या चोकमध्ये तांब्याच्या वेटोळ्यांभोवती डांबरासारखा मसाला भरलेला असतो, वास त्याचाच. वेटोळी आतल्या आत शॉर्ट झाली की चोक करंट आवरू शकत नाही, ट्यूबमधून जास्तीचा करंट जातो आणि तिची टोकं जळतात. कितीही नव्या ट्यूबा आणा, तो त्या खाणारच.

आणि ही तापणारी पट्टी तुमच्या घरात वाळलेल्या सागाला टेकून आहे. आजपासून ती लावू नका. मुलाच्या अभ्यासाला तोवर प्लगवर चालणारा टेबल लॅम्प घ्या, तो पुढंही उपयोगी पडेल.

दुकानदाराचं म्हणणं तसं खोटं नाही. काही एलईडी नळ्या चोक ठेवून चालतात, त्यांच्यासोबत स्टार्टरच्या जागी लावायचा वेगळा तुकडा येतो. पण तुमचा चोक जळायलाय, तोच आत ठेवायचा तर मूळ दुखणं तसंच राहिलं. दुसऱ्या नळ्यांना चोक आणि स्टार्टर काढून थेट लाईन द्यावी लागते. त्यात पुन्हा दोन जाती. एकीला एकाच टोकाला फेज आणि न्यूट्रल दोन्ही, दुसरीला एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. नळीवर आकृती छापलेली असते, ती न बघता जोडली की शॉर्ट होते. हे नीट जोडलं तरी मला पुढची काळजी वाटते. चार वर्षांनी नळी गेली, घरात जुनी साधी ट्यूब पडलेली होती, कुणीतरी ती तिथं बसवली, तर एका टोकाच्या बारीक तारेवर सरळ २३० व्होल्ट येतात आणि ठिणगी उडते. शिवाय जुने होल्डर उष्णतेनं कडक झालेले असतात, पिन घट्ट धरत नाहीत. ढिला सांधा तापतो.

म्हणून शेजारच्या काकांचं ऐका. पूर्ण बॅटन घ्या, जुनी पट्टी चोकासकट खाली उतरवा. चांगला चार फुटी बॅटन २०० ते ४०० रुपयांच्या घरात येतो, नळीत आणि त्याच्यात फार अंतर नाही.

पीओपीचं दिरांना नम्रपणे नाही म्हणा. माळवदातून माती झिरपते, पावसाळ्यात एखाद्या जागी ओल धरते, तुळयांना वाळवी लागते. हे सगळं डोळ्यासमोर राहिलं तरच वेळेवर दुरुस्त होतं. खाली छत झाकलं की तुळई पोखरली तरी पत्ता लागायचा नाही. आणि पीओपीच्या वर बंद जागेत पॅनलचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे छोटे डबे) पडून राहणार, तिथंच उंदीर वायरी कुरतडणार.

बॅटनच्या क्लिपा तुळईच्या कुशीत मारा, वरच्या फळ्यांत नको. फळीत स्क्रू गेला की माती गळत राहते. बोर्डापासून वरपर्यंतची वायरसुद्धा तपासायला लावा. जुन्या रबरी वायरीचं कवच वाकवल्यावर पापडासारखं मोडत असेल तर ती पूर्ण बदलायची, टेप गुंडाळून वेळ मारून न्यायची नाही. तांब्याची १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची वायर दिव्याला भरपूर झाली. आधीची ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याला नुसता पीळ मारून जोडू नका, तो सांधा पुढं काळा पडून तापतो. बॅटन पत्र्याच्या अंगाचा असेल तर आर्थिंगची तिसरी वायर हवीच.

वॅटचं सोपं आहे. ३६ वॅटची ट्यूब आणि तांब्याचा चोक मिळून जवळपास ५० वॅट खातात. २० वॅटचा बॅटन साधारण २००० ल्युमेन उजेड देतो. कागदावर ट्यूबचा आकडा जास्त, २५०० च्या आसपास, पण ट्यूब चौफेर फेकते आणि तिचा निम्मा उजेड वर जातो. पांढऱ्या स्लॅबवरून तो परत तरी येतो, तुमचं काळपट लाकूड तो गिळून टाकतं. बॅटनचा उजेड खालीच येतो. रोज सहा तास धरले तर महिन्याला साडेपाच युनिटच्या आसपास वाचतील. बचत मोठी नाही. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की लाकडाजवळ तापणारा चोक राहणार नाही.

कंधारचा शेतकरी

वायरमनदादांनी चांगलं समजावलं. व्होल्टेजबद्दल माझा अनुभव सांगतो. आमच्याकडं रब्बीला मोटारी चालू झाल्या की संध्याकाळी व्होल्टेज पार बसतं. ट्यूब पेटायचीच नाही, जेवणं बल्बच्या पिवळ्या उजेडात व्हायची. बॅटन लावल्यापासून ते दुखणं गेलं. बॅटनच्या खोक्यावर व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते ती बघून घ्या. मी १०० ते ३०० व्होल्टवाला घेतला होता. पंखा रडत फिरायला लागतो तेव्हाही दिवा जसाच्या तसा असतो. इन्व्हर्टरवरही फरक पडतो. एका ट्यूबच्या खर्चात आता माझे दोन दिवे चालतात, आणि चोकची ती कर्कश घरघरही गेली.

पण एलईडीला कमी व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेजची भीती. मृगाच्या आधीच्या वादळात आमच्या डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल तुटला. दिवे एकदम डोळे दिपतील एवढे भगभगले आणि गेले. वस्तीवरच्या बऱ्याच घरातले टीव्ही, चार्जर, एलईडी, सगळं एका दणक्यात. तेव्हापासून मी मेनजवळ जास्त-कमी व्होल्टेजला लाईन तोडणारा कटआउट बसवून घेतलाय. माझं मत, ताईंनी दिव्याचं काम काढलंच आहे तर तेही बघावं.

उदगीरची सून

दादा, ट्यूब कालपासून बंदच ठेवलीय. आज सकाळी सगळी सॉकेटं तपासली. स्वयंपाकघर, माजघर, वरची खोली, सगळीकडं टेस्टर डावीकडंच पेटतो. उजवीकडं अजिबात नाही.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, गेल्या उन्हाळ्यात वावटळीनं खांबावरून घरात येणारी वायर तुटली होती, ती नवीन जोडून दिली. त्याच्या आधी बटण बंद करून ट्यूब, बल्ब कितीदा बदलले, कधी मुंग्याही आल्या नाहीत.

आणि एक लक्षात आलं. वऱ्हांड्यातला एलईडी बल्ब रात्री बटण बंद केल्यावरही मंद पेटलेला राहतो. सासूबाईंना वाटायचं, बटण नीट दबत नाही. त्याचाही ह्याच्याशी संबंध आहे का? आणि आता कुणाला बोलवायचं, खाजगी वायरमनला की लाईनमनला?

परभणीचा वायरमन

मग कोडं सुटलं. तुमच्या घरचं वायरिंग ज्यानं केलं त्यानं बरोबरच केलं होतं. वायर नव्यानं जोडताना दोन टोकं अदलाबदल झाली आणि त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक बटण न्यूट्रलवर गेलं. दिवे, पंखे, मिक्सर सगळं चालतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

ह्यात बटणापेक्षा मोठा धोका फ्यूजचा आहे. जुन्या घरात फ्यूज एकाच तारेवर असतो, तो फेजवर असायला पाहिजे. आता तो न्यूट्रलवर गेलाय. उद्या फ्रिजच्या पत्र्यात फेज उतरला तर करंट आर्थिंगमधून जमिनीत जाईल, फ्यूजमधून जाणारच नाही, आणि फ्यूज उडणार नाही. पत्रा तसाच जिवंत राहील. पाण्याचा हीटर, कूलर, ओल्या हातानं धरायच्या सगळ्या वस्तूंना हे लागू आहे. आपल्याकडं उन्हाळ्यात कूलरचा झटका बसून माणसं जातात. म्हणून मी एवढा मागं लागलोय.

वऱ्हांड्यातल्या बल्बचं तेच. फेज बल्बपर्यंत कायम आहे, शेजारून जाणाऱ्या वायरींतून अगदी थोडा करंट वाट काढतो. साधा पिवळा बल्ब तेवढ्यानं पेटला नसता, एलईडीला तो पुरतो. लाईन सरळ झाली की बहुतेक थांबेल. थांबलं नाही तर बटणात बारीक लाल दिवा आहे का बघा, त्याच्यातूनही तेवढा करंट जातो.

आधी वीज कंपनीकडं तक्रार नोंदवा. खांबापासून मीटरपर्यंतचं काम त्यांचं, आणि मीटरचं सील आपण कुणीही तोडायचं नाही, तुमच्या ओळखीच्या वायरमननंसुद्धा नाही. लाईन बंद करून लाईनमन टोकं सरळ करतील. त्यानंतर तुमचा वायरमन बोलवा आणि त्याच्याकडून एवढं करून घ्या. मेनवर फेज बरोबर बाजूला आला का ते नुसत्या टेस्टरवर नाही, टेस्ट लॅम्पनं (दोन वायरी जोडलेल्या बल्बनं) दाखवायला सांगा. टेस्टर शेजारच्या वायरीच्या ओढीनंही मिणमिणतो, लॅम्प खोटं बोलत नाही. मग माजघराचं बटण बंद करून वरच्या दोन्ही टोकांना लॅम्प लावून बघायचा. दोन्हीकडं मेलेलं असेल तरच बॅटन चढवायचा, आणि काम करताना मेन बंदच.

पैशाची सोय होत असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. बॅटनच्या चारपाच पट खर्च येईल, पण फेज अंगातून जमिनीत जायला लागला की तो क्षणात लाईन तोडतो. कंधारच्या भाऊंनी सांगितलेला कटआउट वेगळा. तो वस्तू वाचवतो, हा माणूस वाचवतो. दोन्हींतून एकच परवडत असेल तर हा घ्या.

अंबाजोगाईची शिक्षिका

वायरिंगचं मला कळत नाही, पण उजेडाबद्दल सांगते. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, आणि माझ्या आईचीही दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत.

ताई, दुकानात 'एलईडी बॅटन द्या' म्हटलं की ६५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) निळसर पांढरा हातात देतात, कारण तोच जास्त खपतो. तुम्ही ४००० केल्व्हिनचा मागा. खोक्यावर 'नॅचरल व्हाइट' किंवा 'न्यूट्रल व्हाइट' लिहिलेलं असतं. ऑपरेशन न झालेल्या डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडलेलं असतं, ते निळा उजेड अडवतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात नवीन स्वच्छ भिंग असतं, त्यातून निळा उजेड जास्त आत येतो. माझ्या आईला एक ऑपरेशन झालं आणि दुसरं बाकी होतं तेव्हा एकाच साडीचा रंग दोन डोळ्यांनी वेगवेगळा दिसायचा. निळसर दिव्याखाली ती सारखी डोळे मिटायची. ४००० चा लावल्यावर तांदळातला खडा तिला परत दिसायला लागला. सासूबाईंना दुकानात नेऊन दोन्ही दिवे लावून दाखवता आले तर त्यांनाच निवडू द्या. तुरीच्या डाळीची मूठभर पुडी सोबत न्या, नुसत्या पांढऱ्या भिंतीवर उजेड बघून काही कळत नाही.

खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो, तो ८० किंवा त्याच्या वर बघा. रंग खरे दिसतात.

बॅटन डोळ्यासमोर येईल असा लावू नका. ट्यूबचा उजेड मऊ पसरायचा, बॅटनकडं सरळ बघवत नाही. सासूबाई भिंतीला टेकून बसत असतील तर त्यांच्या समोरच्या तुळईपेक्षा डोक्यावरच्या, थोड्या बाजूच्या तुळईला लावा. मुलगा उजव्या हातानं लिहीत असेल तर टेबल लॅम्प डाव्या बाजूला, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. चार फुटी बॅटन कितीही चांगला असला तरी नऊ-दहा फुटांवरून आलेल्या उजेडात भूमितीची आकृती काढणं डोळ्याला जडच. टेबल लॅम्पला ७ ते ९ वॅटचा बल्ब पुरतो.

घेताना दुकानातच मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करा. पडद्यावर उजेड धडधड कमी-जास्त होताना दिसला तर तो घेऊ नका. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. चोकवाली ट्यूबही तशीच होती. उघड्या डोळ्यांना कळत नाही, पण काही जणांचं डोकं दुखतं. दहावीच्या मुलाला तासन्‌तास त्याखाली बसायचंय, म्हणून एवढी चिकित्सा.

मुलाला एक गोष्ट जरूर सांगा, त्याला आवडेल. ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ अतिनील किरण देते आणि काचेला आतून लावलेली पांढरी पूड ते पचवून दिसणारा उजेड देते. पांढऱ्या एलईडीत निळा चिप आणि त्यावर पिवळसर पूड असते. काम पुडीचंच, फक्त पारा गेला. तो निळा चिप बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि पाऱ्यामुळंच या ट्यूबा आता जायच्या आहेत. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत त्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबवायचं ठरलं. भारतही त्या करारात आहे. म्हणजे जुनी पट्टी सांभाळून ठेवली तरी तिच्यात घालायला ट्यूब मिळायची नाही.

उदगीरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, म्हणून पुढच्यांच्या उपयोगाला सविस्तर लिहिते.

तक्रार दिल्यावर लाईनमन आले. त्यांनी खांबावर चढून टोकं सरळ केली. मग आमच्या वायरमननी टेस्ट लॅम्पनं मेन, प्रत्येक बोर्ड आणि माजघराची वरची दोन्ही टोकं मला दाखवली. आता सॉकेटमध्ये टेस्टर उजवीकडंच पेटतो. वऱ्हांड्यातला बल्बही रात्री पूर्ण विझतो.

जुनी पट्टी उतरवली तर चोकच्या वर तुळईला तळहाताएवढा काळा डाग निघाला. लाकूड नखानं खरवडलं की कोळशासारखी भुकटी यायची. ते बघितल्यावर सासूबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग मला म्हणाल्या, बाकीच्या खोल्यांचं पण करून टाक. वायरीचं कवच खरंच हातात तुटत होतं, म्हणून बोर्डापासून वरपर्यंत नवीन तांब्याची वायर ओढली, आर्थिंगसकट. आरसीसीबीही बसवला.

बॅटन २० वॅट, ४००० केल्व्हिन. हा रंग पहिल्या दुकानात नव्हता, मागवून घ्यावा लागला. शिक्षिकाताईंनी सांगितल्याप्रमाणं डाळ घेऊन गेलो होतो. सासूबाईंनी दोन्ही दिव्यांखाली निवडून बघितली आणि ४००० लाच बोट लावलं. लावायची तुळईही त्यांनीच दाखवली. मुलाला टेबल लॅम्प आणलाय.

आता दोन शंका राहिल्यात. स्वयंपाकघर मागच्या बाजूला पत्र्याचं आहे, तिथंही ट्यूबच आहे. तिथं हाच बॅटन चालेल ना? आणि जुन्या दोन ट्यूबा, चोक, स्टार्टर ह्यांचं काय करू? भंगारवाला चोक घेतो म्हणाला, ट्यूबा नको म्हणाला. मुलं त्या उकिरड्यावर फोडायच्या बेतात होती, मी काढून माडीवर ठेवल्या.

परभणीचा वायरमन

ताई, तो काळा डाग तासून काढून घ्या आणि आतलं लाकूड भक्कम आहे का ते सुताराला ठोकून बघायला सांगा. तुळईचा भार पेलणारा भाग आहे, म्हणून म्हणतो.

पत्र्याखाली बॅटन चालेल, पण पत्र्याला चिकटवून लावू नका. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या लगतची हवा भट्टीची असते आणि उष्णतेनं पहिल्यांदा ड्रायव्हरमधले कपॅसिटर फुगतात. आमच्या परभणीत पत्र्याखालचे बॅटन स्लॅबखालच्यापेक्षा लवकर जातात, त्याचं कारण हेच. साखळीनं किंवा पाइपनं फूट-दीड फूट खाली सोडा, चुलीच्या अगदी डोक्यावर नको. फोडणीचं तेल आणि वाफ बसून बॅटन चिकट होतो, महिन्या-दोन महिन्यांनी मेन बंद करून कोरड्या फडक्यानं पुसा. पत्र्याच्या खोलीत वायर पाइपातूनच न्या. पत्र्याच्या धारेला घासून कवच फाटलं की अख्खा पत्रा जिवंत होतो.

बिल जपून ठेवा आणि बॅटनच्या पाठीवर पक्क्या पेननं लावल्याची तारीख लिहा. वॉरंटीत गेला तर दुकानदाराशी वाद होत नाही.

चोक भंगारात द्या, आत तांबं आहे, वजनावर पैसे मिळतील. स्टार्टर प्लास्टिकच्या कचऱ्यात न टाकता ट्यूबांसोबतच ठेवा. ट्यूबा फोडू देऊ नका, प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो. नव्या बॅटनच्या खोक्यात घालून तोंडं चिकटवा, वर 'ट्यूब, पारा' लिहा आणि नगरपालिकेच्या घंटागाडीत वेगळ्या द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत ट्यूबलाईट घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, ती ओल्या-सुक्यात मिसळायची नाही. चुकून एखादी फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या-दारं उघडून थोडा वेळ थांबा. झाडू मारू नका, पूड हवेत उडते. जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा, बारीक पूड ओल्या कागदानं टिपा, सगळं झाकणाच्या डब्यात बंद करा आणि हात धुवा.

स्वयंपाकघराचं काम काढाल तेव्हा तिथल्याही बटणाची वरची दोन्ही टोकं लॅम्पनं तपासून घ्या. मेन सरळ झाला तरी एखाद्या बोर्डावर आतच उलटं जोडलेलं असू शकतं.